रुमाल परत यायला हवा

दिवाळीच्या आधी मस्कतमधल्या रुवीतल्या आमच्या ओट्यावर फराळाच्या शेजारी जुन्या सुती साड्यांचे चौकोन असतात, कडा हाताने दुमडून शिवलेले. मधोमध डबा ठेवायचा, समोरासमोरची दोन टोकं त्यावर घट्ट बांधायची, उरलेल्या दोन टोकांची गाठ वर घ्यायची आणि गाठीत कुंडीतल्या सब्ज्याची मंजिरी खोवायची. बस, एवढीच सजावट.

गेल्या दिवाळीत शेजारच्या ओमानी घरी गेलेला असा एक चौकोन ईदला परत आला. धुतलेला, इस्त्री केलेला, लोबानाची धुरी दिलेला; आत केशर-गुलाबपाण्याच्या ओमानी हलव्याची वाटी. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे : भेटीचं खरं आवरण तेच, जे परत येतं.

आपल्याकडे ही रीत जुनीच. फराळाचं ताट क्रोशाच्या रुमालाखाली शेजारी जायचं आणि रिकामं कधी परत येत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घातलेली असे. त्या रुमालामुळे येणं-जाणं चालू राही. भेटीसाठी छापील कागदाची सवय त्यामानाने अलीकडची. अमेरिकेत १९१७च्या नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ कागद संपला, म्हणून त्यांनी पाकिटांच्या अस्तराचा नक्षीदार कागद विकायला काढला आणि तो धंदाच होऊन बसला. हा कागद फाडण्यासाठीच जन्माला येतो. त्यातल्या चमकत्या कागदावर प्लास्टिकचा किंवा धातूचा थर असतो, त्यामुळे तो रद्दीतही चालत नाही.

ओमानने १ जानेवारी २०२१पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. या देशाला पर्याय बाहेरून शोधायची गरज नव्हती. इथे ईदला शुवा नावाच्या पदार्थाचं मांस आजही खजुरीच्या पानांच्या विणलेल्या पिशवीत भरून जमिनीखालच्या भट्टीत उतरवतात. खजुरीभोवतीची ही सारी कौशल्यं २०१९मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली; ओमानसह चौदा देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता. जपानमध्येही २००६मध्ये पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी फुरोशिकी, म्हणजे वस्तू बांधायचा कापडी चौकोन, पुन्हा वापरा असं आवाहन केलं होतं.

नोकरी सांभाळून हे करायला वेळ कुणाला आहे, असं मैत्रिणी विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण सणाचं काम आधीच बायकांच्या वाट्याला जास्त येतं. म्हणूनच हाताने केलेलं आवरण साधं हवं. त्यासाठी नव्या फिती, चमकी आणि गोंद विकत आणायचा असेल, तर बाजारातलाच कागद दुसऱ्या वाटेने घरात आला. घरात आहे तेच वापरावं, चिकटवू नये, बांधावं. गाठ मारायला दोन मिनिटं लागतात. ती मुलांना येते, नवऱ्यालाही येते.

या सणाला एक तरी भेट कापडात बांधा. देताना संकोच न करता सांगा, ‘रुमाल मात्र परत आणून द्या.’ त्या निमित्ताने तो माणूस पुन्हा तुमच्या दारी येईल.