भिंतीवरचं वाद्य आणि त्याचा हक्क

गिटार भिंतीवर टांगायचा आकडा ही दिसायला अगदी किरकोळ वस्तू आहे. मागे लाकडाची किंवा लोखंडाची पट्टी, तिला दोन-तीन स्क्रू, पुढे आलेला दांडा आणि टोकाला फोम किंवा रबर चढवलेला दोन बोटांचा काटा. गिटारचं डोकं त्या काट्यावर टेकतं आणि बाकी वाद्य खाली लोंबतं. पुण्याच्या मंडईतून रविवार पेठेच्या दिशेनं चालत गेलं की बोहरी आळी लागते. स्क्रू, रावलप्लग, ड्रिलची पाती, भिंतीच्या तयारीचं सगळं सामान तिथे हातोहात मिळतं. पण ते घेण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो मला सुतारकामाचा कमी, धर्माचा जास्त वाटतो. घरात वाद्याची जागा कोणती? लाकडाच्या आणि तारांच्या एका अचेतन वस्तूचा तिच्या मालकावर काही हक्क असतो का? असला तर तो कशाचा, जपलं जाण्याचा की वाजवलं जाण्याचा?

आपल्याकडे साधनाचा मान राखण्याच्या दोन रीती पूर्वापार चालत आल्या आहेत. पहिली खंडेनवमी-दसऱ्याची. हत्यारं, अवजारं, वह्या-पुस्तकं, वाद्यं पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची फुलं वाहायची. मंडईसारख्या बाजारात त्या दिवशी तराजू-मापांचीही पूजा होते. पूजेपुरतं काम थांबतं आणि हात साधनापुढे जोडले जातात. दुसरी रीत वारकऱ्यांची. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस, खाली टेकवत नाहीत. विणेकरी उभा असतो, वीणा त्याच्या गळ्यात असते आणि तार वाजत राहते. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, त्याच्या पाया पडतो आणि मगच बाजूला होतो. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा मंडईच्या आसपासच्या रस्त्यांवर अशा वीणा दिंडीबरोबर चालताना कुणालाही पाहता येतात. दसरा वाद्याला पाटावर ठेवतो, सप्ताह त्याला पाटाला लागूच देत नाही. दोन्हींत भाव पूज्यतेचाच आहे, पण त्यांतून वाद्याशी जडणारी नाती वेगळी आहेत. वर्षाकाठी एक दिवस पूजा आणि उरलेले दिवस वापर, असा दसऱ्याचा हिशेब आहे. तो हिशेब मोडून फक्त पूजा उरली की जे होतं, त्याची मला काळजी वाटते.

तिसरी एक जागा मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे: शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी आयुष्य वेचून जमवलेल्या वस्तूंचं हे घर, अकाली गेलेल्या त्यांच्या राजा या मुलाच्या नावानं उभं राहिलेलं. पुढे त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. त्यात वाद्यांचं दालन आहे आणि तिथली वाद्यं मुकी आहेत. त्यांचं मुकं असणं योग्यच आहे, असं मी मानतो. ज्या वाद्याचे कारागीर गेले, ज्याची वादनपद्धती विसरली गेली, त्याला काचेआड ठेवणं हाच त्याचा शेवटचा मान, कारण ते पुढच्या पिढीला काही सांगू शकतं ते केवळ टिकून राहिल्यानं. संग्रहालयाचा हा धर्म घरात आणला की मात्र गफलत होते. घरातलं वाद्य संपलेलं नसतं. त्याच्या तारा ताणलेल्या असतात आणि ते बोटांची वाट पाहतं असं म्हणण्यात अलंकार फारसा नाही: सहा स्टीलच्या तारांचा एकूण ताण साधारण सत्तर किलोंच्या आसपास असतो आणि तो चोवीस तास पेलत ते लाकूड उभं असतं, कुणी वाजवो न वाजवो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की साधनाला इथे कर्त्याच्या पंक्तीत जागा दिली आहे. कर्ता मी एकटा आहे असं मानणाऱ्याची समज अपुरी आहे, असंही तिथे पुढे म्हटलं आहे. हे खरं धरलं तर सूर मी काढला, असं वादकाला म्हणताच येत नाही. सूर माझ्या बोटांनी, तारेनं, लाकडाच्या पोकळीनं आणि ते लाकूड तासणाऱ्या माणसानं मिळून काढला. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शिकलगार, म्हणजे हत्यारांना पाणी आणि धार देणारे कारागीर, सतार-तंबोऱ्यांकडे वळले. मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यांनी त्यांत नाद बसवला. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. खंडेनवमीला पुजल्या जाणाऱ्या तलवारींना धार देणाऱ्या हातांनीच पुढे तंबोरा घडवला, हा तपशील मला या सगळ्या विचारात फार मोलाचा वाटतो. अशा वस्तूत कुणाचे तरी कष्ट साठलेले असतात आणि वाजेपर्यंत ते अर्धेच राहतात. वाद्याचा हक्क निर्माण होतो तो इथे. त्यात देव वसतो म्हणून तो हक्क मानायला हवा, असं माझं म्हणणं नाही. एका कर्मातला तो भागीदार आहे आणि भागीदाराला दारातच ताटकळत ठेवू नये, एवढंच.

म्हणून माझं मत असं, की रोज वाजणाऱ्या, निदान रोज वाजावी अशी इच्छा असलेल्या गिटारची घरातली योग्य जागा भिंत आहे. पेटीत बंद करून पलंगाखाली सरकवलेली गिटार सुरक्षित असते, पण तिच्यापर्यंत पोचायला वाकावं लागतं, पेटी ओढावी लागते, दोन-चार कड्या उघडाव्या लागतात. थकलेल्या संध्याकाळी एवढं पुरे होतं आणि वाद्य राहून जातं. कोपऱ्यात नुसती टेकवून ठेवली तर ती हाताशी असते, पण धक्क्यानं घसरून मान मोडायला एक क्षण लागतो. आकड्यावरची गिटार जमिनीपासून वर, पोरांच्या धावपळीच्या आणि केरसुणीच्या वाटेबाहेर, तरी एका हाताच्या अंतरावर राहते. पूर्वी वाड्यांच्या भिंतींत लाकडी खुंट्या बसवलेल्या असत आणि पगडी, अंगरखा, रोज लागणाऱ्या वस्तू त्यांवर लटकत. रोज न लागणारं फडताळात जाई. ही विभागणी शहाणपणाची होती आणि गिटार कोणत्या बाजूला पडते ते मालकानं स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं.

पण भिंत निवडली की जपणुकीची जबाबदारी वाढते, आणि ती टाळून केलेली भक्ती मला पोकळ वाटते. टांगल्यानं मान ताणली जाते, ही भीती निराधार आहे. अकुस्टिक गिटारचं वजन दोन किलोंच्या आसपास, इलेक्ट्रिकचं साडेतीन-चार. तारांच्या सत्तर किलोंच्या ओढीपुढे ते काहीच नाही. खरा धोका आहे भिंतीचा आणि हवेचा. विटांच्या पक्क्या भिंतीत रावलप्लग घट्ट बसतो, मात्र तो गिलाव्याच्या थरातून पुढे विटेत शिरला पाहिजे. हल्लीच्या सोसायट्यांमध्ये हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात, ज्यांना बांधकामावर सर्रास सिपोरेक्स म्हणतात. त्या ठिसूळ असल्यानं त्यांना लांब आणि त्यांच्यासाठीच बनवलेला प्लग लागतो. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीचा भरवसा धरूच नये, स्क्रू सरळ लाकडी खांबात घ्यावा. आकडा बसला की गिटार टांगण्याआधी तो हातानं जोर लावून खाली ओढून पाहावा. हलला तर काढून पुन्हा बसवावा. हवेचं म्हणाल तर गिटारच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती वीस-पंचवीसपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टात ऐंशीच्या वर जाते. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत ओल धरते, म्हणून आकडा आतल्या भिंतीवर हवा. ऊन थेट पडेल तिथे नको, स्वयंपाकघराला लागून नको, एसीच्या झोतात नको, दार उघडून आपटेल तिथे तर नकोच. पावसाळा ऐन भरात आला की काही आठवडे गिटार पेटीत ठेवून सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. भिंतीचा आग्रह तेव्हा सोडण्यात कमीपणा नाही. जुन्या किंवा महागड्या गिटारवर नायट्रोसेल्युलोजचा लेप असेल तर आकड्याच्या रबरानं त्यावर डाग पडतो, तेव्हा काट्यावर सुती कापड गुंडाळावं. वजन पडताच आपोआप मिटणारे आकडेही मिळतात आणि लहान मुलं असलेल्या घरात तेच घ्यावेत.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप ज्यांचं नाव मंडईला आहे त्यांच्या विचारांतूनच येतो. मंडईची इमारत 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं उघडली. त्याआधी नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं बाजाराला जोतीरावांचंच नाव मिळालं. निर्जीव वस्तूंपुढे हात जोडायला लावून माणसांना तुच्छ लेखणाऱ्या धर्मावर जोतीरावांनी आयुष्यभर कोरडे ओढले. मग वाद्याचा मान, वाद्याचा हक्क ही भाषा त्याच रोगाची सौम्य आवृत्ती नाही का? मला हा आक्षेप मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच मी देवत्वाचा आधार घेतलेला नाही. वस्तूची पूजा माणसाच्या श्रमावर पडदा टाकते तेव्हा ती लबाडी असते. पण वस्तू वापरती ठेवणं, तिची निगा राखणं आणि ती घडवणाऱ्याचे कष्ट वाया न घालवणं हे श्रमाचा मान राखण्याचंच एक रूप आहे. मंडईतल्या गाळ्यावर वरच्या हुकाला टांगलेला जुना तराजू सजावटीसाठी नव्हता. दिवसभर तो खाली-वर होत असे आणि म्हणून दसऱ्याचं कुंकू त्याला शोभे. श्रमाशी नातं तुटलेल्या वस्तूच्या पूजेवर जोतीरावांचा आक्षेप लागू पडतो. वाजणाऱ्या गिटारला तो लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप अपरिग्रहाचा. दिवाणखान्यात चार गिटारी ओळीनं टांगणं हे वादन कमी आणि प्रदर्शन जास्त. हे बरेचदा खरं असतं आणि त्याला आकडा नाही, मालक जबाबदार असतो. पण दिसणं वाईटच, हे मला पटत नाही. देवघरही दिसेल असंच ठेवतात, कारण येता-जाता नजर पडली की आठवण होते. प्रश्न इतकाच विचारावा: पाहुणे गेल्यावरही ती गिटार खाली उतरते का? उतरत असेल तर तिचं दिसणं उपयोगी आहे. पाचव्या-सहाव्या गिटारीविषयी मात्र मला सहानुभूती नाही. एका माणसाला दोन हात असतात आणि न वाजणारं प्रत्येक वाद्य दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून काढून घेतलेलं असतं.

तिसरा आक्षेप परकेपणाचा: वीणा-तंबोऱ्याची भाषा गिटारला कशी लावता? यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. युरोपातून आलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, आकाशवाणीनं 1940 मध्ये बंद केली आणि तरी ती भजनाच्या फडात, कीर्तनात, संगीत नाटकात ठाण मांडून बसली. ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटारवर राग वाजवून दाखवले. नाद कुठून आला याची चौकशी करणारा भक्त मला अजून समजलेला नाही.

राहतो सगळ्यांत अवघड प्रश्न. हौसेनं घेतलेली गिटार वर्षानुवर्षं भिंतीवर आहे, धूळ पुसली जाते, आकडा भक्कम आहे आणि कुणीच वाजवत नाही. जपणूक पूर्ण, वापर शून्य. इथे सप्ताहातल्या पहाऱ्याचा नियम मला दसऱ्याच्या पाटापेक्षा जवळचा वाटतो: आपली पाळी संपली की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा वाकून नमस्कार करतो. शेजारची शिकणारी मुलगी, गणेश मंडळातला तालमीला येणारा मुलगा, शाळेतला संगीताचा वर्ग, कुणीही चालेल. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून ठेवलेल्या गिटारची गोष्ट वेगळी आहे, हे मी मानतो. दुःखाला वापराचा हिशेब विचारू नये. पण तीही वाजती ठेवता येते. तारा वेळच्या वेळी बदलाव्यात, घरी आलेल्या जाणत्या माणसाच्या हाती ती द्यावी आणि त्याला वाजवू द्यावं. तेवढंही सोसवत नसेल तर ती पेटीत घालून फडताळात ठेवावी आणि भिंतीवरचा आकडा काढून टाकावा.