इंजिनाला एक गुण

"आधी इंजिन ठरवू. बाकीचं सगळं त्याच्याभोवती बसवता येईल," भाची म्हणाली.

"आधी आकडा ठरव," मामा म्हणाले. "किती पैसे गेले की हात आखडायचा, तो आकडा."

आकडा ठरलेला होता. चार हजार पौंड, त्यावर एक पेनीही नाही. भाची पुण्यात इंजिनिअरिंगला असताना फॉर्म्युला स्टुडंट गाडी बांधणाऱ्या कॉलेजच्या चमूत होती. आता ती कॉव्हेंट्रीत नोकरीला आली आहे. मामा मूळचे किर्लोस्करवाडीचे, पण त्यांची उभी हयात इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या टूलरूममध्ये गेली. दोघांना मिळून एक किट कार बांधायची आहे. दोन आसनांची, बिनछपराची, लोटस सेव्हनच्या धर्तीची. इंजिन कोणतं घ्यायचं, एवढाच प्रश्न उरला आहे असं भाचीला वाटत होतं. मामांच्या मते तो प्रश्न अजून नीट विचारलाच गेला नव्हता.

घरच्या गॅरेजात मोटार बांधण्याची रीत ब्रिटनमध्ये चांगली रुजलेली आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन आणली. त्या काळी तयार मोटारीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. त्यामुळे संच घरी आणून शनिवार-रविवारी गाडी उभी करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. पण हौस करसवलतीपुरती नव्हती. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक हेन्सने काढलं आणि अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याची वाट दाखवली. एक इंची चौकोनी पोलादी नळ्या जोडून सांगाडा करायचा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग त्यात बसवायचे. अशा गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नाव पडलं आणि ते टिकलं.

"तेव्हा एस्कॉर्ट भंगारात पडलेली असायची," मामा म्हणाले. "आज मार्क टू एस्कॉर्ट संग्राहक जपून ठेवतात. पुस्तकातली पद्धत अजून लागू पडते, पुस्तकातला भाव नाही."

तरीही त्यांचं मन त्या एस्कॉर्टमधल्या क्रॉसफ्लो इंजिनावरच होतं. ओतीव लोखंडाचं, कार्ब्युरेटरवर चालणारं, संगणक नसलेलं. बिघडलं तर पाना, फीलर गेज आणि कान एवढ्यावर दुरुस्त होणारं. शिवाय ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए ही तपासणी द्यावी लागते. तिथे धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते. इंजिन जुनं असल्याचा पुरावा असेल, तर मर्यादा सैल मिळते.

भाचीला हवं होतं मोटारसायकलचं इंजिन. कॉलेजच्या गाडीत त्यांनी केटीएम ३९० चं, चाकणला बनणारं ३७३ सीसीचं इंजिन बसवलं होतं. त्याचा वर चढत जाणारा आवाज तिच्या अंगात भिनला होता. आता तिची नजर सुझुकी हायाबुसावर होती. १९९९ मध्ये आलेल्या त्या मोटारसायकलचं इंजिन सुमारे १,३०० सीसीचं आणि १७० हून अधिक हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्स त्याच्या पोटातच असतो. वजन कमी, जागा कमी.

"एवढी ताकद या पैशांत दुसरीकडे कुठे मिळेल, सांगा ना," ती म्हणाली.

मामांनी उत्तर द्यायच्या आधी विचारलं, "टॉर्क किती?"

"१३८ न्यूटन मीटरच्या आसपास."

"आणि माझदा एमएक्स-५ च्या साध्या १.६ लिटर इंजिनाचा?"

तिला आकडा माहीत होता, म्हणून ती क्षणभर थांबली. "१३६."

"म्हणजे ढकलण्याचा जोर सारखाच. हायाबुसा तो जोर फेऱ्या खूप वरपर्यंत नेऊन टिकवते, म्हणून तिची हॉर्सपॉवर जास्त. पण ते इंजिन अडीचशे किलोच्या मोटारसायकलसाठी घडलंय. तू त्याच्या गळ्यात साडेपाचशे किलो बांधणार. चढावर, सिग्नलवर, गर्दीत त्या क्लचचं काय होईल?"

"क्लचच्या स्प्रिंगा बदलता येतात."

"येतात. आणि तेल?"

हा प्रश्न तिला कॉलेजपासून माहीत होता. मोटारसायकल वळणावर कलते, त्यामुळे तेल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलपात्राच्या, तळाशीच राहतं. चारचाकी कलत नाही. वळणावर तेल बाजूच्या भिंतीवर चढतं, पंपाच्या नळीत हवा जाते आणि बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून संपमध्ये आडव्या पट्ट्या तरी घालाव्या लागतात, नाहीतर ड्राय संप तरी बसवावा लागतो. मागे जाण्यासाठी रिव्हर्सची सोय वेगळी करायची. प्रॉपेलर शाफ्ट मापाने बनवून घ्यायचा. वर आयव्हीएत आवाजाची मर्यादाही पाळायची.

"यातलं काहीच अशक्य नाही, मामा."

"नाहीच. पण तू एक इंजिन विकत घेत नाहीयेस. त्याच्यामागे येणारं सगळं काम विकत घेतेयस. स्वस्त इंजिन आणि स्वस्त गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

भाचीने हे मान्य केलं, पण लगेच तोच निकष मामांच्या क्रॉसफ्लोला लावला. ते इंजिनही आता स्वस्त राहिलेलं नाही. जुन्या एस्कॉर्टच्या शर्यतींसाठी त्याला मागणी आहे, चांगला ब्लॉक आणि हेड शोधावं लागतं. "तुम्हाला ते सोपं वाटतं, कारण तुमचं तारुण्य त्याच्यावर गेलं. मला ते शिकावं लागेल. माझ्या बाजूने बघितलं तर लॅपटॉप जोडून दुरुस्त होणारं इंजिनच सोपं."

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. सोपेपणा इंजिनात नसतो, तो हाताळणाऱ्यात असतो. मग आता इंजिन बाजूला ठेव आणि सांग, गाडी म्हणजे नक्की काय?"

'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथातली कथा त्यांच्या मनात होती. राजा मिलिंद रथात बसून आला, तेव्हा भदंत नागसेनांनी त्याला विचारलं, की आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दोर, चाबूक यांपैकी रथ कोणता? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागलं. सुटा असा कोणताच भाग रथ नव्हता आणि भागांना सोडून वेगळा रथही नव्हता. सगळे एकमेकांच्या आधाराने जुळले, तेव्हाच त्याला रथ म्हणता आलं.

"ब्रिटिश सरकारनेही याच प्रश्नाचं उत्तर दिलंय, आकड्यांत," भाची हसून म्हणाली. वाहनांची नोंद ठेवणाऱ्या स्वॉन्सीच्या डीव्हीएलए या कार्यालयाने आमूलाग्र बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला वर्षानुवर्षे एक गुणपद्धत वापरली. मूळ किंवा नवी कोरी चॅसी असेल तर ५ गुण. सस्पेन्शन, अॅक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. जुना नंबर टिकवायला किमान ८ गुण लागत. आणि इंजिनाला फक्त १.

"१४ पैकी १," मामा म्हणाले. "आणि आपण सकाळपासून त्या एकावर भांडतोय."

"कारण बाकीचे १३ कसे जुळवायचे, ते हा एकच ठरवतो."

मामांनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. नागसेनांच्या प्रश्नातली अर्धी बाजू त्यांनी मांडली होती, उरलेली अर्धी तिने. कोणताही एक भाग म्हणजे रथ नाही हे खरं. पण भाग एकमेकांच्या आधाराने उभे असतील, तर एकाची निवड सगळ्यांवर बंधन घालते. इंजिन लांबीला किती, संप किती खोल, एक्झॉस्ट कोणत्या बाजूला निघतो, गिअरचा दांडा कुठे येतो, यावर नळ्यांची मापं, स्टिअरिंगच्या दांड्याची वाट, बॉनेटची उंची आणि चालकाच्या पायांची जागा ठरते. फोर्डचं झीटेक इंजिन भंगारात सहज मिळतं. पण पुढची चाकं ओढणाऱ्या मोटारीत ते आडवं बसायचं. सेव्हनच्या धर्तीच्या गाडीत ते उभं बसवायचं, तर संप उथळ करावा लागतो, पाण्याच्या नळ्या फिरवाव्या लागतात, आणि फोर्ड सिएराचा टाइप नाइन गिअरबॉक्स जोडायला वेगळं बेल हाउसिंग लागतं.

"मग अख्खी साखळी एकाच गाडीतून घेऊ," भाची म्हणाली. "एमएक्स-५."

हा तोडगा दोघांच्या आवडीच्या अधेमधे येत होता, पण तिने तो तडजोड म्हणून मांडला नव्हता. १९८९ मध्ये आलेल्या एमएक्स-५ चं इंजिन पुढे, उभं, आणि जोर मागच्या चाकांना. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल, हब, ब्रेक, स्टिअरिंग रॅक, इंधनपंप, वायरिंग आणि त्याचा संगणक हे सगळे भाग जन्मापासून एकमेकांना ओळखणारे. किट कारवाले अशा गाडीला डोनर म्हणतात. उरलेले दरवाजे, आसनं, छप्पर विकून तिच्या किमतीचा काही भाग परतही मिळतो.

ताकद कमी पडेल ही शंका मामांनीच काढली आणि हिशेब भाचीने केला. ११५ हॉर्सपॉवर, गाडीचं वजन ६०० किलो, म्हणजे टनामागे सुमारे १९०. कॅटरहॅमने २०२१ मध्ये आणलेल्या १७० या गाडीत सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. हॉर्सपॉवर जेमतेम ८४, पण गाडी ४४० किलोची, त्यामुळे टनामागचा आकडा तोच. "म्हणजे १६० किलो हलकं होणं हे ३१ हॉर्सपॉवर विकत घेण्याइतकंच आहे," ती म्हणाली, "आणि हलकं होण्यात निदान ब्रेक आणि टायरवर जास्तीचा भार तरी येत नाही."

इथे वाद मिटायला हवा होता. पण मामांच्या मनात आता वेगळाच सल उठला. "धडधाकट चालणारी गाडी कापायची? कुणीतरी तिला कामावर नेत असेल, सुट्टीत समुद्रावर नेत असेल. आपल्या खेळण्यासाठी ती मोडायचा आपल्याला काय अधिकार?"

"पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक निघाल्या. एक गेली तर काय बिघडतं?"

"एस्कॉर्टबद्दलही लोक हेच म्हणायचे."

भाचीकडे याचं तयार उत्तर नव्हतं. आकड्याने हा प्रश्न सुटत नाही हे तिलाही कळत होतं. मामांनी मग देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट काढली. किर्लोस्करवाडीहून फार लांब नसलेल्या त्या गावात लोहारांनी टाकून दिलेल्या वाहनांचे भाग जोडून, मुलाच्या हौसेखातर एक छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, नियमांत न बसल्यामुळे ही गाडी कधीतरी अडवली जाईल हेही सांगितलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळा बदल करू देत नाही, मग घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणणं तर दूरच.

"लोहारांनी एकही चालती गाडी मोडली नाही," मामा म्हणाले. "जे संपलं होतं, त्यातून त्यांनी गाडी उभी केली. इथे तर तुला कायदा साथ देतो. म्हणून तुझी जबाबदारी जास्त."

"पण संपलेलं म्हणजे काय ते कोण ठरवणार?" तिने विचारलं. एमएक्स-५ चा दुखरा भाग प्रसिद्ध आहे. दरवाजाखालच्या पट्ट्या, विशेषतः मागच्या चाकाजवळ, आतून गंजतात. वरून रंग शाबूत दिसतो, पण टोचा मारला की पत्रा सरळ आत जातो. अशी गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीवर जातो. तिचं इंजिन मात्र ठणठणीत असू शकतं.

"तर तशीच शोधायची," भाची म्हणाली. "सांगाडा संपलेली, इंजिन जिवंत. सांगाड्याचे ५ गुण आपण हाताने मिळवू, तिच्याकडून १ घेऊ."

मामांनी अट घातली. विकत घेतल्यावर लगेच खोलायची नाही. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, गिअर सगळे लागतात का पाहायचं, तापल्यावर तेलाचा दाब बघायचा. चालत्या अवस्थेत कळलेला दोष आणि नव्या सांगाड्यात बसवल्यावर कळलेला दोष यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिनेही एक अट घातली. नळ्यांचा सांगाडा आत्ता सुरू करायचा, इंजिनाचे माउंट आणि गिअरबॉक्सचा बोगदा तेवढा डोनर हाती येईपर्यंत रिकामा ठेवायचा.

"आणि टोचा मारला आणि पट्ट्या शाबूत निघाल्या तर?" मामांनी विचारलं.

"विकत घेण्याआधीच मारू ना."

"आत किती गंज आहे ते वरचं आवरण काढेपर्यंत नीट कळत नाही."

भाचीने जरा विचार केला. "तर ती गाडी मी चालवीन. नाहीतर चालवणाऱ्याला विकीन. मोडणार नाही."

"आणि चार हजार?"

"ते तेवढेच राहतील. विकून आले की पुन्हा शोधायला लागू."

"म्हणजे वर्षभर लांबणार."

"लांबू दे," ती म्हणाली आणि पोलादी नळ्यांचे भाव लिहायला तिने वही पुढे ओढली.