पेटाऱ्यातला राक्षस

दिवाळी सरली की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि दशावतारी कंपन्या गावोगाव फिरू लागतात. रात्रभर देवळापुढे नाटक, पहाटे दहीकाला. कथा ठरलेली असते, पण संवाद लिहिलेले नसतात. ज्याचे त्यानं उभ्या उभ्या बोलायचे.

अशा एका कंपनीत एक राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारा नट, होता. अठरा वर्षं त्यानं धर्मराज आणि हरिश्चंद्रच रंगवले. घरीही तसाच. वडील गेल्यावर थोरल्या भावानं आंब्याची सगळी कलमं स्वतःकडे ठेवली, तरी हा अवाक्षर बोलला नाही. लोक देवमाणूस म्हणत, त्यालाही ते खरं वाटे. फक्त बारा वर्षांत भावाचा उंबरा त्यानं ओलांडला नव्हता. कुणी विचारलं तर जत्रांची धावपळ सांगे.

एका रात्री राक्षसपार्टी तापानं फणफणला. आख्यान कुबेर-रावणाचं, सावत्र भावाकडून लंका हिसकावून घेण्याचं. मालकानं रावण याच्या गळ्यात घातला. काजळानं भुवया जाड ओढताना त्याचा हात थरथरत होता.

कुबेर समोर आला. झांज थांबली.

"थोरला म्हणून सगळं तुझं? मी काय बापाचा नव्हे?"

तो आवाज सोबतच्या नटांनीही कधी ऐकला नव्हता. पखवाजावरचा हात थबकला.

"माझा वाटा टाक! माझी लंका दे! माझी कलमं दे!"

लंकेत कुठली कलमं? पण एक पोरही हसलं नाही.

पहाटे तो खोबरेल तेलानं रंग पुसत बसला. रंग गेला, तरी गाल लाल होईस्तोवर पुसतच राहिला. "परत माका ह्यो पार्ट नको. तो मी नव्हतंय."

घोंगडीतून म्हातारा राक्षसपार्टी बोलला, "रंगान राक्षस होणा नाय, झिला. तुझ्या भितर होतो, म्हणान भायर इलो."

"मगे त्याचा करू काय?"

म्हातारा उठला, पेटाऱ्याचं झाकण उघडलं. आत गणपतीचा मुखवटा, त्याला लागूनच संकासुराचा काळा झगा. वेद चोरणाऱ्या या असुराला विष्णू रोज रात्री मारतो आणि रोज पहाटे कंपनी त्याच्या झग्याची नीट घडी घालते. मला दशावतारातलं हेच सर्वात मोठं शहाणपण वाटत आलं आहे.

"ह्यो झगो भायर टाकलो, तर खेळ उभो ऱ्हवतलो काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

उजाडलं तेव्हा तो घरी न जाता भावाच्या अंगणात उभा होता. कानामागे काजळ राहिलं होतं.

"कलमांत अर्धो वाटो माझो आसा," तो म्हणाला. आवाज चढला, पण हात जागेवर होते. "बारा वर्सां तुझो राग करतंय. आज सांगूक इलंय."

भाऊ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि पाट आणून त्यानं पडवीत मांडला.