झडप ज्याच्या हाती

भर जुलैत कॅनन्सव्हिल धरणाखाली डेलावेअर नदीच्या पश्चिम शाखेत उतरलं की पाय बधिर होतात. धरणाच्या तळाचं पाणी बर्फगार आणि वरची हवा तापलेली, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात नदीवर धुकं साचतं. न्यूयॉर्क राज्यातल्या या पट्ट्यात ट्राउट मासा याच गारव्यावर जगतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो कासावीस होतो, २५च्या आसपास मरू लागतो.

या पाण्याला वाटेकरी फार. न्यूयॉर्क शहराचं जवळपास निम्मं पिण्याचं पाणी डेलावेअर खोऱ्यातल्या त्याच्या तीन धरणांतून येतं. १९५४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानुसार शहराला रोज ८० कोटी गॅलन उचलता येतं. अट एवढीच की खाली माँटेग्यूला नदीत १७५० क्युसेक प्रवाह राहिला पाहिजे. न्यू जर्सीचा वाटा रोज १० कोटी गॅलनचा. तो कालव्याने मध्य न्यू जर्सीत येतो आणि तिथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांच्या नळांपर्यंतही पोचतो. त्याहून खाली फिलाडेल्फिया. प्रवाह मंदावला की समुद्राचं खारं पाणी नदीत वर सरकतं. १९६०च्या दशकातल्या दुष्काळात ते त्या शहरापर्यंत चढलं होतं.

मग माशाचा वाटा कोणत्या न्यायाने?

‘नदी मुळात त्याची’ हे उत्तर इथे टिकत नाही. तपकिरी ट्राउटची अंडी १८८३मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा पश्चिम किनाऱ्याकडचा. धरणं होण्यापूर्वी मुख्य नदीचा हा भाग उन्हाळ्यात कोमट व्हायचा, म्हणजे हा गारवासुद्धा माणसानेच केलेला. आणि आधी कोण होतं यावरच हक्क ठरणार असेल, तर पहिला मान याच खोऱ्यातल्या पेपॅक्टन धरणाखाली बुडालेल्या चार गावांचा. तिथल्या लोकांना घरं सोडावी लागली, कबरीसुद्धा उकरून हलवाव्या लागल्या.

दुसरं उत्तर वेदनेचं. २००३मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंद्रधनुषी ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ही बाब गंभीर आहे. पण ट्राउटसाठी सर्वांत जास्त भांडणारे लोक गळ टाकणारेच आहेत. वेदनेचा न्याय शेवटपर्यंत नेला तर आधी गळ बंद करावा लागेल, आणि धरणातून पाणी किती सोडायचं हे तरीही ठरणार नाही.

मग माणसाच्या सत्तेचं काय? बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात माशांवर माणसाला सत्ता मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच अध्यायात आदल्या दिवशी, म्हणजे पाचव्या दिवशी, देव जलचरांना आणि पक्ष्यांना वाढण्याचा आशीर्वाद देतो, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. आशीर्वाद आधी, सत्ता नंतर. सत्ता मिळाली म्हणून आशीर्वाद रद्द झाला, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

न्यायालयातही असाच विचार झाला. १९३१मध्ये याच नदीच्या वादात न्यायमूर्ती ओलिव्हर वेंडेल होम्स यांनी म्हटलं, की वरच्या राज्याच्या हाती सगळं पाणी अडवण्याचं बळ आहे, पण ते बळ खालच्यांना उद्ध्वस्त करण्यासाठी वापरू देता येणार नाही. खालच्यांनाही नदी जशीच्या तशी मागता येणार नाही. होम्स राज्यांविषयी बोलत होते. तरी तो न्याय माशाला जास्तच लागू पडतो, कारण राज्य निदान दावा लावू शकतं.

माशाचा हक्क उभा राहतो तो इथे. ज्याने नदी गार केली, त्याच्यावरच आता तो जीव विसंबून आहे. तपकिरी ट्राउट शरद ऋतूत तळाच्या खडीत अंडी घालतो. नंतर धरणाची झडप एकाएकी आवळली तर तीच अंडी उघडी पडून सुकतात. भर उन्हाळ्यात आवळली तर मोठे मासे गुदमरतात. दोन्ही वेळी हात माणसाचाच.

तहानलेलं मूल की मासा, असा प्रश्न आला तर उत्तर एकच. पण बहुतेक वर्षी तो प्रश्न येतच नाही. खोऱ्यातली चार राज्यं आणि न्यूयॉर्क शहर यांच्यातल्या २०१७च्या करारात उष्णतेच्या दिवसांसाठी २५०० क्युसेक-दिवस पाणी राखून ठेवलं आहे. धरणांच्या खाली लॉर्डव्हिलला नदी २४ अंशांच्या आत राहावी हा त्यामागचा हेतू. हिशेब केला तर ते सुमारे १६० कोटी गॅलन भरतं, म्हणजे शहराला उचलता येणारं जेमतेम दोन दिवसांचं पाणी. शहराच्या त्या तिन्ही धरणांत मिळून २७,१०० कोटी गॅलन मावतं.

हा करार २०२८पर्यंतचा आहे. पुढच्या करारात हे राखीव पाणी आधी वेगळं काढायचं देणं म्हणून लिहायला हवं, आणि ते वाढवायलाही हवं. त्यावर त्या चारही राज्यांची आणि शहराची संमती लागेल.