भाव आणि करपलेले पिठले

देवाला भाव पुरतो, पदार्थाचे त्याला काय, असे आम्ही चाळीस वर्षे नारदाच्या गादीवरून सांगत आलो. शबरीची बोरे, विदुराघरच्या कण्या, सुदाम्याचे पोहे हे तीन दृष्टान्त आमच्या जिभेवर नेहमी तयार. श्रोतेही माना डोलावतात. गेल्या ज्येष्ठात, दशमीच्या रात्री, आमच्याच स्वयंपाकघरात या सिद्धान्ताची परीक्षा झाली आणि तीत आमची फजिती उडाली. झाले ते वाचक माउलींपुढे जसेच्या तसे ठेवतो. कारण त्यातून जो प्रश्न निघाला तो चुलीपुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही.

ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यास येतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबारायांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. त्या दोन रात्री या पेठांतल्या शाळा, वाडे, ओसऱ्या, जिन्याखालच्या जागासुद्धा वारकऱ्यांनी भरून जातात. आमच्या दोन खोल्यांत दरसाल माउलींच्या सोहळ्यातल्या एका दिंडीच्या चार बायका उतरतात. त्यांना आमच्या घरची पिठले-भाकरी वाढायची, हा पंचवीस वर्षांचा नेम. दुसरी रात्र बहुधा दशमीची असते. उजाडले की योगिनी एकादशी, आणि त्याच दिवशी दिवे घाट चढून सासवड गाठायचे. तीस किलोमीटरांच्या आसपासची ती मजल, तीही उपासाच्या पोटी. शास्त्राने दशमीला एकभुक्त सांगितले आहे, आणि या बायका ते पाळतात. त्यांचे ते एक जेवण आमच्या घरचे रात्रीचे. तेव्हा घाट चढायचे बळ त्या आमच्या ताटातूनच नेतात, असे म्हटले तरी चालेल.

यंदा आमच्या मंडळींचा उजवा हात प्लास्टरात. पावसात पाय घसरून मनगट मोडले. मुलगा-सून परगावी. आलेल्या बायका म्हणाल्या, "बुवा, आम्ही करतो की." आम्ही म्हटले, "छे! अतिथीने चुलीशी जायचे नाही. आज आम्ही करणार." बोलताना आम्हांस फार बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. मंडळींनी दोनच गोष्टी सांगितल्या. डब्यातले ज्वारीचे पीठ दीड महिन्याचे आहे, गिरणीतून ताजे आणा. आणि पिठल्याजवळून हलू नका. गिरणीवर रांग होती. आम्ही रिकामा डबा घेऊन परत फिरलो आणि जुन्याच पिठाला हात घातला.

ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा उपजत नसतो. पीठ ताजे असावे लागते, आधणाच्या पाण्याची उकड द्यावी लागते, तळहाताने मळून मळून ते एकजीव करावे लागते, तेव्हा कुठे भाकरी थापताना चिरत नाही. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. हा शब्द आम्हांस लहानपणापासून ठाऊक होता. त्याचा अर्थ त्या रात्री परातीत कळला. आम्ही मळले गार पाण्यात. पहिली भाकरी परातीतून उचलताना दुभंगली, दुसरीचे तव्यावर तीन तुकडे झाले. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून साजरे झाले, तेव्हा आम्ही एका कीर्तनात ज्वारीचा महिमा अर्धा तास गायिला होता. एक भाकरी थापायला तो अर्धा तास उपयोगी पडला नाही.

पिठल्याची कथा याहून वाईट. दशमी म्हणून कांदा वर्ज्य; तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची इथवर सारे ठीक. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचे ते आम्ही उकळत्या पाण्यात एकदम ओतले. सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या. त्या डावाने मोडत असता ओसरीवरून एकीने विचारले, "बुवा, अन्नाला पूर्णब्रह्म का म्हणतात?" झाले! प्रश्न आला की आमचे पाय चुलीपाशी राहीनात. आम्ही डाव हातात घेऊन दारात उभे राहिलो आणि तैत्तिरीय उपनिषदातली भृगूची कथा लावली. बापाने मुलाला तप करायला सांगितले, आणि त्याला पहिल्याने उमगले ते अन्नच ब्रह्म आहे असे. पुढे अन्नाची निंदा न करण्याचे व्रत, अन्न पुष्कळ करण्याचे व्रत, दारी आलेल्याला न परतवण्याचे व्रत. ऐकणाऱ्या चौघी तल्लीन, सांगणारा त्याहून तल्लीन. मध्येच आत जाऊन आम्ही मीठ घातले. आणि निरूपणाच्या भरात पुन्हा एकदा घातले. करपल्याचा वास आला तेव्हा आम्ही आनंदमयापर्यंत पोचलो होतो.

ताटे वाढली. कुणी काही बोलले नाही. धाकट्या बाईने दोन घास खाऊन तांब्याभर पाणी प्यायले. मंडळी डाव्या हातात चमचा धरून खाली मान घालून जेवत होत्या. आम्ही म्हटले, "गोड मानून घ्या. भावाने केले आहे." तेव्हा त्यांच्यातली थोरली, सत्तरीची असेल, ताट बाजूला सारून उठली. हात धुतले आणि सरळ चुलीपाशी गेली. "बुवा, कीर्तन तुमचं, तवा आमचा," एवढेच म्हणाली. खालचा करपलेला थर न खरवडता वरचे पिठले तिने अलगद दुसऱ्या पातेल्यात काढले, बेसन आणि पाणी वाढवून मिठाचा जोर मोडला, दोन आमसुले टाकली. उरल्या पिठाला उकड दिली. विरी गेलेल्या पिठाच्याही तिने लहान लहान, जाडसर अशा सात भाकऱ्या थापल्या. त्यांतल्या दोन फुगल्यासुद्धा. रात्री अकराला चौघी पोटभर जेवल्या.

त्या रात्री झोप आली नाही. आमचा भाव खोटा होता का? नाही. त्या बायकांविषयी आम्हांस आदर आहे, नेम मोडू नये ही तळमळही खरी. मग भाव असून अन्न का बिघडले, आणि बिघडल्यावर आम्ही भावाचे नाव पुढे का केले? मनाने पहिला आधार शोधला तो गीतेचा: कर्म आपले, फळ आपले नव्हे. पण दुसऱ्या अध्यायातला तो सत्तेचाळिसावा श्लोक सांगून आम्ही नेहमी थांबतो. पन्नासाव्यात भगवंतांनी कर्मातल्या कौशल्यालाच योग म्हटले आहे, तिथवर जात नाही. आचार्य त्या कौशल्याचा अर्थ समत्वबुद्धी असा करतात, हाताची हुशारी असा नाही, हे आम्ही पाठशाळेत शिकलो आहोत. परंतु समत्व तरी आमच्यापाशी कुठे होते? चार माना डोलताना दिसल्या आणि आम्ही चूल सोडली.

मग शबरी आठवली. वाल्मीकींच्या मूळ रामायणात ती रानातली फळे-मुळे रामापुढे ठेवते. उष्ट्या बोरांची गोष्ट मागाहून भक्तांनी जोडली. जोडणाऱ्यांनी काय जोडले ते पाहा. तिने एकेक बोर चाखले. आंबट निघाले ते टाकले, गोड ते ठेवले. आम्ही इतकी वर्षे या गोष्टीतून पदार्थाला महत्त्व नाही असे काढत आलो. गोष्ट तर उलटेच सांगते! तिचा भाव बोराबोरांतून फिरला आहे. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा तेही तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी भाकरी खाणाऱ्याच्या घशाला टोचेल हे त्यांना सुचले. आम्ही मात्र ते पिठले एकदा चाखूनसुद्धा पाहिले नाही. चाखले असते तर दुसऱ्यांदा मीठ पडले नसते.

विदुराच्या पत्नीचे काय, असे कुणी विचारील. कृष्णाला पाहून ती भान विसरली, केळे टाकून साल देत राहिली, आणि त्याने ते खाल्ले अशी कथा आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही त्यावर बराच विचार केला. तिचे भान हरपले ते जेवणाऱ्याकडे पाहता पाहता. आमचे हरपले ते आपल्याच वाणीत. आणि दुसरे असे की, "मी भावाने दिले" हे तिने म्हटलेले नाही. ते सालीत गोडी मानणाऱ्याने मानले. करणाऱ्याच्या चुकीला भावाच्या नावावर माफी द्यायची तर ती खाणाऱ्याने द्यावी, मनात आले तर. वाढणाऱ्याने ती ताटातच वाढली की खाणाऱ्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. त्याने खारट घासही गिळायचा आणि वर धन्यही म्हणायचे. शिष्याचा पाठ कच्चा ठेवणारे गुरू, देवळाचे हिशेब गबाळे ठेवणारे विश्वस्त, आणि तयारी न करता उभे राहणारे आमच्यासारखे कीर्तनकार अशीच माफी वाढत असतात.

आणखी एक आठवण नको असता वर आली. लग्नाला तीन-चार वर्षे झाली होती. आमटीत मीठ पडायचे राहिले म्हणून दोन पाहुण्यांदेखत आम्ही ताटावरून उठलो होतो. उठताना गीतेच्या सतराव्या अध्यायातली आहाराची त्रिविधता ऐकवायला विसरलो नव्हतो. तेव्हा त्या दिवसभर कुणाच्या तापात उशाशी बसल्या होत्या, हे आम्हांस मागाहून कळले. भाव पाहावा असे त्या दिवशी आम्हांस सुचले नाही.

पहाटे मंडळींना विचारले, "काल पिठले कसे झाले होते?"

"खारट होतं. करपलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"अहो, चार माणसं ताटावर होती."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचलेले नाही. पातेले घासायला घेतले. राखेने, मग नारळाच्या शेंडीने, मग वाळूने. बाहेर टाळ वाजू लागले, चौघी बोचकी बांधून निघाल्या. थोरलीने आमच्या त्या मोडक्या भाकऱ्यांचे तुकडे मागून घेतले आणि फडक्यात बांधले. आम्ही म्हटले, "आजी, ते कशाला? शिवाय आज एकादशी."

"आज कुठं खाते मी? सासवडात दोन रात्री मुक्काम हाय. उद्या बारशीला ताकात कुस्करीन," ती म्हणाली. "पीठ तेवढं ताजं आणत जावा, बुवा."