लाभ बहुतांचा, हानि थोड्यांची

गांवाच्या तळ्याखालीं एकाचें शेत बुडालें, तर पाणी पिणाऱ्या साऱ्या गांवानें त्याची भरपाई करावी, हें कोणीही कबूल करील. राष्ट्रांच्या व्यापारासही हाच न्याय लागू आहे, असें आम्ही समजतों.

अमेरिका, कॅनडा व मेक्सिको ह्यांनीं परस्परांच्या मालावरील जकात उठविण्याचा केलेला करार १ जानेवारी १९९४ रोजीं अमलांत आला. व्यापार वाढला, कित्येक जिन्नस स्वस्त झाले. परंतु मेक्सिकोंत मजुरी कमी, म्हणून अमेरिकेंतील शिवणकामाचे कित्येक कारखाने तिकडे गेले. आणि अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोंत येऊन तेथील लहान शेतकऱ्याच्या धान्याचा भाव उतरला. लाभ कोट्यवधि लोकांत थोडाथोडा वांटला गेला. हानि मात्र थोड्यांच्याच पदरीं सगळी पडली. ज्याचें कामच गेलें, त्यास स्वस्ताईचें काय सुख?

अशांस साह्य करणें ही दया नव्हे, तें बहुतांवरील ऋण होय. परदेशी मालामुळें काम गेलेल्यांस शिक्षण व मदत देण्याचा कायदा अमेरिकेनें १९६२ सालींच केला होता. त्या कराराच्या जागीं २०२० सालीं नवा करार आला आणि व्यापार चालू राहिला. पण १ जुलै २०२२ पासून मदतीचे नवे अर्ज मंजूर होणें थांबलें. लाभ घेत राहावें आणि ऋण तेवढें विसरावें, ह्यास न्याय कसें म्हणावें?