पायाच्या अंगठ्यापर्यंतचे व्यक्तिचित्र

टोपली विणणाऱ्या, नंदुरबारकडच्या कोटवालिया जमातीतल्या कारागिराचे निम्मे काम पाय करतात. चिरलेला बांबू टाचेखाली दाबायचा, कामटीचे टोक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात अडकवायचे आणि कोयत्याने तिची साल सोलत न्यायची. विणायला घेतले की टोपलीचे बूड तळपायाखाली येते. हात उभ्या कामट्यांमधून आडव्या पट्ट्या ओवत राहतात आणि पाय टोपलीला थोडे थोडे वळवत नेतात. अशा माणसाचे व्यक्तिचित्र छातीपर्यंत काढून थांबवले, तर चेहरा हुबेहूब उतरेल, पण कारागीर निसटेल.

म्हणूनच कारागिराचे चित्र त्याच्या कामाच्या जागी जाऊन काढले पाहिजे. त्याला स्टुडिओत आणून, स्टुलावर बसवून, एका बाजूने प्रकाश सोडून हे साधत नाही. त्याची बैठक, हाताशी ठेवलेली हत्यारे, उजेडाची दिशा, बाजूला पडलेला भुसा हे सगळे त्याच्या ओळखीचा भाग आहे. आणि या ओळखीत सगळ्यात आधी येते ते त्याचे नाव. भारतातल्या कारागिरांची चित्रे दीडशे वर्षांहून अधिक काळ निघत आली आहेत. त्यांतून सर्वाधिक वेळा गळाले आहे ते नावच.

इंग्रज चित्रकार जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले. पुढे सरकारने त्यांना उत्तर भारतातल्या कारागिरांची रेखाटने करण्याचे काम दिले. १८७०च्या सुमाराची ती चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. किपलिंग यांची नजर बारीक होती. पटाशी कशी धरली आहे, गुडघा कुठे टेकला आहे, हे ती चित्रे बघून आजही शिकता येते. पण त्यातल्या माणसांची ओळख बहुतेक ठिकाणी धंदा आणि गाव एवढ्यावरच संपते. त्याच सुमारास, १८६८ ते १८७५ या काळात, ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यात तर छायाचित्रांची मांडणीच जातीजमातींनुसार होती. राज्यकर्त्याला माणसांचे नमुने हवे होते आणि नमुन्याला नाव लागत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. १८८६ साली लंडनच्या वसाहत प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले कारागीर नेले होते. राणी व्हिक्टोरियाने ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोदा यांच्याकडून त्यांच्यापैकी काहींची चित्रे काढून घेतली. बक्षीराम नावाच्या वृद्ध कुंभाराचा चेहरा त्यामुळे ऑस्बोर्न हाऊसच्या भिंतीवर नावानिशी टिकून आहे. सुरकुत्या, पांढरी दाढी, थकलेले डोळे, सगळे अत्यंत आस्थेने रंगवलेले. पण त्याचे चाक नाही, चिखलाने माखलेले हात नाहीत. नाव मिळाले तर काम गेले.

आपल्याकडचे मोठे चित्रकारही या चौकटीबाहेर फारसे पडले नाहीत. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर यांच्या हातात माणसे जिवंत करण्याची ताकद होती. १९२० मध्ये आलेल्या ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी काढलेल्या स्त्रियांच्या नजरेत स्वतंत्र स्वभाव दिसतो. तरी पुस्तकाने त्यांना जात, प्रांत, व्यवसाय याच खणांत बसवले. दोष चित्रकाराच्या कुंचल्याचा नव्हता. चित्र कोणासाठी आणि कशासाठी काढून घेतले जात होते, याचा होता.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न आजचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. होळीच्या दिवसांत सातपुड्यात छायाचित्रकारांची रीघ लागते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे बुध्या, हे चित्र वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले आहे. त्या टोपासाठी बांबू कोणी चिरला, ढोलावर कातडे कोणी ताणले, भोपळा वाळवून कोणी पोकळ केला, हे मात्र कुठेच दिसत नाही. नंदुरबार शहरातल्या गणेशमूर्ती गुजरात आणि मध्य प्रदेशात जातात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात त्या क्षणी श्वास रोखून चाललेला असतो. फोटो निघतो तो मूर्तीचा.

वेळही फार नाही. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. तिथली कुटुंबे उठून तळोदा, शहाद्याकडच्या वसाहतींत आली. घर हलवता येते, पण घरामागचे बांबूचे बन, नदीकाठची माती, ओसरीतली कामाची जागा सोबत नेता येत नाही. इतर गावांतूनही दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि अंगणातले काम तेवढे महिने बंद पडते. सुपाच्या शेजारी प्लास्टिकची घमेली आली आहेत, ती वेगळीच.

मोबाइल असताना चित्र कशाला, असे कोणी म्हणेल. छायाचित्राची गरज आहेच. पण चित्राला तास लागतात, आणि तेवढा वेळ चित्रकाराला तिथे बसावे लागते. तेवढ्यात कारागीर चार वेळा उठतो, गिऱ्हाईक येते, भावाची घासाघीस होते, मूल रडते. मध्येच तो कागदाकडे बघून सांगतो की कोयता असा धरत नाहीत, आणि रेघ बदलावी लागते. चित्रावर त्याचा हक्क असा कामातच तयार होतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. चित्राने पोट भरत नाही. त्यामुळे त्या दिवसाची मजुरी कारागिराला मिळाली पाहिजे, चित्राची एक प्रत त्याच्या घरात राहिली पाहिजे आणि नाव लिहायचे की नाही, हे त्याने ठरवले पाहिजे. या तीन गोष्टी पाळल्या नाहीत, तर किपलिंग यांच्या काळापासून आपण एक पाऊलही पुढे आलो नाही, असे होईल.

यासाठी बाहेरून चित्रकार येण्याची वाट पाहायला नको. राज्यातली मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या रेखाकला परीक्षा देतात. वस्तुचित्रासाठी टेबलावर भांडी, फळे मांडली जातात आणि मुले त्यांच्या छाया नीट उतरवायला शिकतात. आश्रमशाळेतल्या ज्या मुलीची आई टोपल्या विणते, तिला हीच नजर घरच्या अंगणात वापरायला सांगता येईल. पावरी, भिलोरी किंवा मावचीत प्रश्न विचारणे तिला अवघड नाही; कोणती कामटी कोणत्या महिन्यात तोडलेल्या बांबूची, हेही ती आईलाच विचारू शकते. कलाशिक्षकाने वर्षातून काही तास यासाठी राखून ठेवावेत आणि निघालेली चित्रे गाव, तारीख आणि कारागिराची संमती असेल तर नावासह शाळेतच जपावीत. दहा वर्षांत प्रत्येक तालुक्यात कारागिरांचा एक संग्रह उभा राहील, आणि तो बघायला लंडनला जावे लागणार नाही.